खोक्यातला करडा ब्रॅकेट

चाकणच्या शॉपमध्ये त्या दिवशी जर्मनीला जाणारे २४० गॅल्वनाइज्ड (जस्ताचा लेप दिलेले) ब्रॅकेट पॅक होत होते. १२ मिलिमीटर प्लेट, इमारतीच्या बाहेरच्या जिन्याचं काम. आमचं प्रमाणपत्र ईएन १०९०-१ चं, म्हणजे पोलादी बांधकामाच्या युरोपीय मानकाचं, ईएक्ससी२ या काटेकोरपणाच्या वर्गासाठी. यात तपासणीची ‘प्रणाली २+’ लागते. म्हणजे माल जाहीर केल्याप्रमाणे आहे याची जबाबदारी कारखान्याची. नोटिफाइड बॉडी, म्हणजे युरोपची मान्यता असलेली तपासणी संस्था, तपासते ती कारखान्याची उत्पादन नियंत्रणाची पद्धत. प्रमाणपत्रानंतर वर्षभराने होणारी ही त्यांच्या ऑडिटची पहिली फेरी.

ऑडिटरने फायली उघडल्याच नाहीत. खोक्यातून दोन ब्रॅकेट काढून उन्हात शेजारी ठेवले. एक चकचकीत, दुसरा सिमेंटसारखा करडा.

“दोन्ही एकाच हीटचे?”

हीट म्हणजे गिरणीत एका वेळी वितळवलेल्या स्टीलचा घाण. स्टोअरने ‘हो’ म्हटलं. तिथेच घोटाळा झाला. जस्ताची टाकी तीच, वेळ तीच, तरी रंग वेगळा आला तर आधी स्टीलमधल्या सिलिकॉनकडे बघायचं. ते ०.०४ ते ०.१४ टक्क्यांच्या मध्ये असलं की लोखंड-जस्ताचा थर भराभर वाढतो. जाड आणि करडा होतो. आमची एस३५५जे२ या युरोपीय ग्रेडची प्लेट मुद्दाम ०.०३ च्या आत सिलिकॉन मागवून घेतलेली. जाडीमापक लावला: चकचकीत ९५ मायक्रॉन, करडा १९०. किमान सरासरी ८५ लागते, म्हणजे नुसत्या जाडीच्या तपासणीत दोन्ही पास! जस्ताचा लेप देणाऱ्या गॅल्वनाइजरच्या रिपोर्टवरून कुणाला काही कळलंच नसतं.

कटिंग शीटवर एकच हीट नंबर होता. सुपरवायझरला विचारल्यावर उलगडा झाला. शेवटच्या नगांना प्लेट कमी पडली. नवी प्लेट उघडायची नाही म्हणून रॅकमधला एक उरलेला तुकडा घेतला. तो एका देशी ऑर्डरचा, भारतीय मानकाचा: आयएस २०६२, ग्रेड ई३५० बीआर. जाडी तीच, दिसायलाही तसाच, आणि ग्रेडचा पंच मूळ प्लेटच्या त्या कोपऱ्यावर, जो आधीच कापून गेलेला.

आमच्या सीई लेबलवर (युरोपात विकायला लागणारी खूण) मात्र छापलेलं: ‘स्टील एस३५५जे२, ईएन १००२५-२’ आणि ‘२७ ज्यूल, −२० अंश’, म्हणजे एवढ्या थंडीतही स्टील एवढा आघात सोसतं. बीआरची आघात चाचणी झालीच तर खोलीच्या तापमानाला होते. जर्मनीतल्या हिवाळ्यात उघड्यावरच्या जिन्याला त्याचा उपयोग शून्य.

प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं, करड्या नगांची −२० ला चार्पी (हीच आघात चाचणी) करून घेऊ, पास झाले की पाठवू. ऑडिटरने दोन वाक्यांत मोडीत काढलं. पास झाले तरी प्लेट ईएन १००२५-२ ची होत नाही, आणि गिरणीचं ३.१ प्रमाणपत्र (चाचणीचे निकाल देणारं) ज्या हीटचं असतं त्याच हीटपुरतं. मला ते पटलं.

सगळ्या २४० नगांवर मापक फिरवला. १५० मायक्रॉनच्या वरचे २६ निघाले. त्यांच्या कडेला जस्त घासून स्टीलमधले घटक मोजणारा पोर्टेबल स्पेक्ट्रोमीटर लावला. सगळ्यांत सिलिकॉन ०.०९ च्या आसपास. उरलेल्यांपैकी दहा नगही तसेच तपासले, ते ०.०२ चे. २६ नग कापून भंगारात टाकले आणि नव्या प्लेटमधून पुन्हा केले.

ऑडिटमध्ये शेरा ‘मेजर’, म्हणजे गंभीर त्रुटीचा, मिळाला, तो योग्यच. ईएक्ससी२ ला प्रत्येक नगाचा हीटपर्यंत माग लागत नाही, हे आम्ही वाचलं होतं. पण एकाच वेळी शॉपमध्ये वेगवेगळ्या ग्रेड फिरत असतील तर प्रत्येक तुकड्यावर ग्रेडची खूण हवी, हे पुढचं वाक्य आम्ही सोयीस्कर विसरलो होतो. जाता जाता लेबलवरही एक चूक निघाली: वर्षाचे दोन आकडे त्या उत्पादनावर मार्किंग पहिल्यांदा लावलं त्या वर्षाचे हवेत, आमचा प्रिंटर दर जानेवारीत ते बदलत होता.

आता हीट आणि ग्रेड उरणाऱ्या भागावर आधी पंच होतात, मगच कापायचा टॉर्च लागतो. देशी प्लेट लाल पट्टीची, वेगळ्या रॅकमध्ये. खूण नसलेला तुकडा कितीही मोठा असला तरी थेट भंगारात. यावरून स्टोअरशी अजून दर आठवड्याला वाद होतो.