पाट ठेवायला गेले होते

साठीनंतर चित्रं काढायला लागलेल्या बाईला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. 'वेळ बरा जातो ना?' आणि 'विकता का?' पहिल्याला मी 'जातो हो' म्हणते. दुसऱ्याला चहा टाकते.

मी बँकेतली. आकडे जुळले की दिवस संपला, अशी सवय. चित्रकलेशी संबंध म्हणजे माहेरी येणारा 'दीपावली' अंक. मुखपृष्ठावरची दीनानाथ दलालांची बाई बघताना आई म्हणायची, "आपल्या मडगावचा हो हा!" कुणी नातेवाईकच असल्यासारखं. चित्रकार ही दुसऱ्यांनी व्हायची गोष्ट, एवढंच त्यातून माझ्या डोक्यात बसलं.

निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात ह्यांचा गुडघा धरला, म्हणून चतुर्थीआधी पाट घेऊन चित्रशाळेत मी गेले. फोंड्याकडे अजून पुष्कळ घरांतून गणपतीसाठी स्वतःचा पाट नेऊन ठेवतात. भिंतीशी पाटांची रांग, प्रत्येकावर खडूनं घराण्याचं नाव, खाली चिकणमातीचा राडा. मूर्तिकाराला मान वर करायला सवड नव्हती. बाहेर पाऊस कोसळत होता, मी टेकले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "काकी, बसल्याच आहात तर शेल्याची ही किनार भरा बघू."

बारीक कुंचला, वाटीत सोनेरी रंग. रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो, हे तेव्हा कळलं. कुंचला जरा जास्त दाबला की किनार फुगते, उचलला की तुटते. पाऊस कधी थांबला ते कळलं नाही, ह्यांचा फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढचे कितीतरी दिवस मी काही ना काही निमित्त काढून तिथे जात राहिले. किनारी, पितांबर, उंदीरमामा एवढी बढती मिळाली. डोळ्यांची आखणी मात्र तो कुणाच्या हाती देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

चतुर्थी संपली आणि हात रिकामे झाले. मग जलरंग आणले, तेलरंगांचा वास आमच्या घरात चालला नसता म्हणून. जलरंग आणि गोव्याचा पावसाळा यांचं मात्र जुनं वैर असावं. जाड, 300 जीएसएमचा महागाचा कागद आणला, तर जुलैत त्याला दमट हवा लागली. कागदावरचं खळीचं अस्तर बुरशीनं खाल्लं की रंग वर थांबत नाही, टीपकागदासारखा आत शिरतो. पहिला हात सुकायला अर्धी सकाळ जाते. आकडे जुळवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आणि पांढरा रंग? तो शक्यतो वापरायचाच नाही, कागदाचा पांढरा आधीपासून राखून ठेवायचा. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम दिसतं त्यातही तेच. ओल्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. लहानपणापासून त्या वेलबुट्टीला पाठ टेकून बसत आलेय, पण पांढरं वरून दिलेलं नाही हे हातात कुंचला आल्यावर दिसलं.

उशिरा सुरू केलं की लोक धीर द्यायला मोठी नावं काढतात. रवींद्रनाथ साठीत चित्रांकडे वळले आणि 1930 साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेसना संधिवातानं भरतकाम जमेना, तेव्हा सत्तरीत त्यांनी कुंचला धरला आणि शंभरी ओलांडून जगल्या. कौतुक आहेच, पण रवींद्रनाथांचं उदाहरण फोंड्याच्या निवृत्त कॅशियरला देणं म्हणजे जरा अतीच. मला उशिराचं सुख वेगळंच वाटतं. माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही. विशीतल्या पोराला चित्र बिघडलं की भविष्य बिघडल्यासारखं वाटतं, माझं बिघडलं तर कागदाची पाठ कोरी असते.

परवा मी घरामागचं चित्र लावलं तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमचा माड एवढा वाकडा नाही हां." बाहेर जाऊन पाहिलं. आहे वाकडा. त्यांनी कधी बघितला नव्हता, आणि इतकी वर्षं खाली सुकत घातलेले कपडे काढताना मीही नाही.

हिरव्याचंही तसंच. ट्यूबमधला तयार हिरवा शेतात घातला की शेत प्लास्टिकचं वाटतं. पिवळ्यात निळा आणि चिमूटभर तांबूस बर्न्ट सिएना घातला तर भात जमतो. फणसाला निळा वाढवायचा, काजूच्या कोवळ्या पालवीला हिरवा जवळजवळ लागतच नाही. नोकरीच्या काळात फोंडा-पणजी बसनं बाणस्तारीच्या पुलावरून जन्मभर गेले, झोपा काढत. आता खिडकीची जागा नसेल तर पुढची बस बघते. कंडक्टर वैतागतो.

सध्या घोडं अडलंय त्या पुलाखालच्या पाण्यापाशी. जुलैतला तो गढूळ रंग बर्न्ट सिएनात निळा घालून काही येत नाही, नुसता चिखल होतो. आता पिवळ्या गेरूकडून जाऊन बघणार आहे, पण त्याआधी कागद सुकायला हवा.