दोन लाख साठ हजार किलोमीटरनंतरचं इंजिन

ऑक्टोबरात एका रविवारी सहज डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी) काढली, तर टोकाला ऑइलचा नुसता ओलावा. याआधी कधी बघितलं होतं, तर जूनमध्ये. चूक सर्वस्वी माझीच.

गाडी 2002 ची होंडा एस2000, मीटरवर 1,62,000 मैल, म्हणजे दोन लाख साठ हजार किलोमीटर. या दोन लिटरच्या इंजिनाची मजा 6000 आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) व्हीटेक, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा, लागल्यावर सुरू होते, वेगमर्यादेची लाल रेघ 9000 ला. आधीच्या मालकांनी ती रेघ किती वेळा गाठली कुणास ठाऊक; मी बऱ्याचदा.

इथे न्यू जर्सीत एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं कान दिला आणि इंजिनच बदला म्हणाला. एक पाना लावला नाही. त्या रात्री आण्णांना फोन केला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं बोअरिंग मशीनवर उभा राहिलेला माणूस.

"आरं, मग बोअर मारून घे की."

तेच तर जमत नाही, म्हटलं. याला बिडाचा लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, नाही. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये तंतू मिसळून बनवलेली सिलिंडरची भिंत. नेहमीसारखं बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून जरा मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकता येत नाही. आण्णा जरा गप्प झाले. "मग आधी मोज. उघडायचं मागनं."

रात्रभर गाडी गार ठेवली आणि सकाळी टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटवरचं झाकण, काढलं. इनलेटला 0.21 ते 0.25 मिलिमीटर गॅप हवी, एक्झॉस्टला 0.25 ते 0.29. एक्झॉस्टच्या दोन ठिकाणी 0.25 ची पट्टी शिरेचना, 0.20 ची कशीबशी गेली. आवाज करणारा टॅपेट परवडला, निदान सांगतो तरी. टाइट झालेला गप्प बसतो, व्हॉल्व्ह नीट बसू देत नाही आणि शेवटी जाळतो. अख्खी सकाळ लॉकनट सोडण्या-आवळण्यात गेली. आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि गॅप पुन्हा बदलते, त्यामुळे एकेक टॅपेट तीनतीनदा.

दुपारी इंजिन गरम करून, पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, घेतलं. तीन सिलिंडर 215 च्या आसपास, चौथा 190 पीएसआय. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडलं, तर 208. ऑइलने पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट भरली म्हणून दाब वाढला. म्हणजे व्हॉल्व्ह नाही, रिंगा. खात्रीसाठी लीकडाउन टेस्टरने, म्हणजे गळती मोजायच्या यंत्राने, हवा भरली. ऑइलच्या झाकणाला कान लावला तर आत फुसफुस, सायलेन्सरकडे शांत. गळती 14 टक्के, बाकीच्यांत 6-7.

रिंगा थकल्यात, पण अजून गेलेल्या नाहीत. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा परत ओढून घेतो तो) हलवला तर खुळखुळला नाही, चिकटलेला. तो नवीन टाकला, किंमत दोघांच्या जेवणाएवढी. आधी हजार मैलांत एक क्वार्ट (जवळपास लिटरभर) ऑइल जायचं, आता साधारण अठराशे मैलांत जातं. म्हणजे बरंचसं तिथूनच ओढलं जात होतं.

इंजिन उतरवलं नाही. डिकीत ऑइलचा डबा असतो, दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघतो.

आण्णांचा फोन दर रविवारी येतो. पहिला प्रश्न नातवाचा, दुसरा, "ऑइल बघितलंस?"