मधे लाल करायची नाही

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी निकेल-टंगस्टनची पट्टी करायला घेतली तेव्हा घरी कुणाला काही कळलं नव्हतं. मामांनी मात्र एकच विचारलं, "पट्टी किती पातळ पाहिजे?" मामा विट्याचे. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात पंचवीस वर्षं तमिळनाडूत काढली आणि आता सांगलीत छोटं दुकान आहे. त्यांच्याकडे धातू लाटून पत्रा करणारी, मोटरवर चालणारी पत्रा मशीन आहे. कॉलेजचं रोलिंग मिल बंद पडलेलं, त्यामुळे माझं अर्धं प्रोजेक्ट त्या दुकानातच झालं.

ही पट्टी लागते सुपरकंडक्टरच्या टेपखाली. वायबीसीओ नावाचं सिरॅमिक साधारण ९२ केल्विनच्या (उणे १८१ अंश सेल्सिअसच्या) खाली गेलं की विजेला विरोध करत नाही, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये (७७ केल्विन) बुडवलं की काम होतं. पण त्याचे कण एकमेकांशी चार-पाच अंशांपेक्षा जास्त तिरके बसले की विद्युतप्रवाह झपाट्याने घटतो. मला हे समजलं ते तासगावकडची द्राक्षबाग आठवून. खांब नुसते सरळ उभे असून भागत नाही, आडव्या-उभ्या दोन्ही रांगाही जुळाव्या लागतात. सिरॅमिकला अशी शिस्त लावायची तर खालच्या धातूतच ती आधी हवी. धातू लाटून आणि तापवून ती आणायची रीत अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने १९९६ साली मांडली.

निकेल वितळतं १४५५ अंश सेल्सिअसला, टंगस्टन ३४२२ ला. म्हणून आम्ही वितळवायच्या फंदात न पडता दोन्हींची पूड बाटलीत फिरवून मिसळली, साच्यात दाबून सहा मिलिमीटर जाडीची कांडी केली आणि आर्गन-हायड्रोजनच्या वायूत भाजली. हायड्रोजन पुडीवरचा ऑक्साइड काढतो आणि तेवढ्या उष्णतेत टंगस्टन निकेलमध्ये मुरत जातं. ऐकायला सोपं आहे. टंगस्टन निकेलच्या दुपटीहून जड, बाटली नीट फिरवली नाही तर ते तळाशी बसतं, हे मला एक कांडी वाया घालवून कळलं.

पुढची चूक जास्त लाजिरवाणी. "पाच टक्के टंगस्टन" वाचून मी शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅम टाकलं. पट्टी मशीनमधून लोण्यासारखी गेली, मामा खूश, मी त्याहून खूश. सरांनी पट्टीला चुंबक लावलं, ते खटकन चिकटलं. सर म्हणाले, "वजन कसं केलंस ते दाखव." ते पाच टक्के अणूंचे होते, वजनाचे नाहीत. वजनात ते १४ टक्क्यांच्या आसपास जातं. माझ्या पट्टीत अणूंच्या हिशेबाने दोन टक्केही नव्हते. टंगस्टन घालायचं तेच मुळी निकेलचं चुंबकत्व उतरावं आणि पट्टीला ताकद यावी म्हणून. मग भरपूर का घालत नाहीत? कारण फार झालं की लाटल्यानंतर हवं ते टेक्स्चर, म्हणजे कणांची एका दिशेची मांडणी, येईनासं होतं.

दुसरी पट्टी बरोबर मापाची होती, पण कडक. मशीनमधल्या दर फेरीला काटा जरासाच आवळायचा, पट्टीचं तोंड उलटं करून परत घालायची. मामांचा हात बघण्यासारखा. आवाजावरून सांगायचे, "आता कड फुटंल." फुटायचीच. मग कानशीने कड साफ करून पुढे. एक मिलिमीटरला आल्यावर मी चहा आणायला गेले. परत आले तर पट्टीवर काळपट-हिरवट थर आणि मामांच्या हातात बर्नर.

"मामा, हे काय केलंत?"

"आगं, लय ताठ झाली हुती. लाल करून घेतली. आता बघ कशी जातीया."

सोन्या-चांदीत ते शंभर टक्के बरोबर आहे. पत्रा ताठला की लाल करायचा, मऊ करायचा, परत लाटायचा. इथे सगळा खेळ त्या ताठपणावर आहे. धातूत दाबाने साठलेला ताण एकदाच, शेवटी, मोकळा करायचा, तेव्हा नवे कण एका दिशेने उगवतात. त्यासाठी जाडी एका दमात ९५ टक्क्यांच्या पुढे उतरायला हवी. एक मिलिमीटरला लाल केल्यावर ०.१२ पर्यंत उरतात फक्त ८८ टक्के. तरी मी ती पट्टी पूर्ण केली, हट्टाने. कण कोणत्या दिशेला बसलेत ते दाखवणाऱ्या एक्स-रेच्या आलेखात नको असलेल्या दिशेचं शिखर ठळक उभं होतं.

तिसऱ्या वेळी मी बर्नर कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. मामा दिवसभर फुरंगटले होते, पण सहा मिलिमीटरची पट्टी ०.१२ वर आणली ती त्यांनीच, म्हणजे ९८ टक्के. आरशासारखी चकाकत होती आणि हात लावला तर कापेल अशी. कॉलेजच्या भट्टीत, त्याच वायूत, ११०० अंशांना एक तास ठेवली.

कोल्हापूरला एक्स-रे काढून आणला. ४४ अंशांजवळचं ते नको असलेलं शिखर जवळपास गायब, ५२ जवळ हव्या दिशेचा एकच उंच सुळका. पट्टी फिरवून घेतलेल्या मापनात नव्वद-नव्वद अंशांवर चार शिखरं, म्हणजे आडव्या-उभ्या रांगाही जुळल्या. जरा रुंद होती, सर त्यावर बोललेच, आणि पट्टी व सिरॅमिकच्या मधे द्यायचे ऑक्साइडचे थर अजून बाकी आहेत. पण चार होती.

रात्री मामांना फोनवर आलेख दाखवला. त्यांनी बराच वेळ बोटाने मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "आता किल्ली दे."