पासबुकात पूर्ण पगार

किमान वेतनाच्या दाव्यात मालकाची बाजू बहुधा कागदांवरच कोलमडते. हजेरीपट नसतो, किंवा असला तर एकाच शाईने एकाच बैठकीत भरलेला असतो. नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या अकरा सफाई कामगार महिलांचा दावा मी चालवला, तेव्हा कंत्राटदाराचे कागद मात्र इतके चोख होते की, बोट कुठे ठेवावे हेच मला समजेना. मूळ वेतन, दर सहा महिन्यांनी जाहीर होणारा विशेष भत्ता, भविष्यनिर्वाह निधीची कपात हे सारे अधिसूचनेप्रमाणे होते आणि बारा हजारांच्या आसपासची रक्कम दरमहा प्रत्येकीच्या बँक खात्यात जमा झालेली दिसत होती.

मावशींच्या हातात येत होते सात हजार. (रुग्णालयात या कामातल्या प्रत्येक स्त्रीला मावशीच म्हणतात, यांतली सर्वांत धाकटी मावशी बावीस वर्षांची होती.) खाती उघडली त्याच दिवशी मुकादमाने सर्वांची एटीएम कार्डे पिनसह स्वतःकडे ठेवून घेतली होती. पगार जमा झाला की तो पैसे काढून आणी, पाळी सुटताना प्रत्येकीला सात हजार मोजून देई आणि उरलेले शेटचे म्हणून खिशात घाली. रोखीतली लबाडी थांबावी म्हणून पगार बँकेतून देण्याचा आग्रह आपण धरला; येथे त्याच बँकेची नोंद लबाडीला प्रमाणपत्र देत होती.

हा प्रकार दोन वर्षे चालला होता. तथापि १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २० नुसार वेतन देय झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागे. विलंब माफ करण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला होता, पण ‘काम जाईल म्हणून गप्प बसलो’ हे पुरेसे कारण मानले जाईलच याची खात्री नव्हती. आता या कायद्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेने ही मुदत तीन वर्षांची केली आहे, आणि ज्यांनी असे दावे चालवले आहेत त्यांना या एका बदलाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

उलटतपासणीच्या दिवशी कंत्राटदाराचा पर्यवेक्षक हजेरीच्या नोंदी घेऊन आला होता. जादा कामाची आमची मागणी खोडून काढण्यासाठी त्याच्या वकिलांनीच त्या आणवल्या होत्या. मी त्याला विचारले, या वेळा बिनचूक आहेत का? तो ठसक्यात म्हणाला, “मॅडम, बोटाचा ठसा दिल्याशिवाय कोणी आत येत नाही की बाहेर जात नाही.” हे उत्तर मी शब्दशः नोंदवून घेतले आणि मग समन्सवरून बँकेने पाठवलेला तपशील त्याच्यापुढे ठेवला. पगाराच्या दिवशी सकाळी साडेदहानंतर एकाच एटीएममधून वीस-बावीस मिनिटांत अकरा खात्यांतून पैसे निघाले होते, पुढच्या महिन्यात तसेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तसेच. आणि त्या प्रत्येक दिवशी, त्याच्याच नोंदींप्रमाणे, अकराही जणी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत रुग्णालयाच्या आत होत्या. त्याने कागद उलटसुलट पाहिला, आपल्या वकिलांकडे पाहिले आणि पाणी मागितले.

समोरचे वकील मुरलेले होते. त्यांचा युक्तिवाद असा की, वेतन खात्यात जमा होताच मालकाची जबाबदारी संपते, पुढे बायकांनी कार्ड कोणाला दिले हा त्यांचा खासगी व्यवहार आहे. वरवर पाहता हे तर्कशुद्ध वाटते, पण ही पळवाट कायदा करणाऱ्यांना फार पूर्वीच दिसलेली होती. कामगाराने मालकाला किंवा त्याच्या हस्तकाला दिलेली प्रत्येक रक्कम वेतनातील कपातच समजावी, असे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ७ मधील स्पष्टीकरण सांगत होते. आणि किमान वेतन अनधिकृत कपातीविना दिले पाहिजे, असे १९४८ च्या कायद्याचे कलम १२. मी ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्याहून लांब भाषणाची गरज नव्हती.

मधल्या सुट्टीत कंत्राटदाराचा माणूस व्हरांड्यात मावशींना गाठून वीस-वीस हजारांत मिटवा म्हणू लागला. त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ मावशींनी मला विचारले, “बाई, सही केली तर पुढचं बोलता येणार नाही ना?” किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कलम २५ प्रमाणे मुळातच निरर्थक ठरतो, हे मी त्यांना सांगितले, पण रोख वीस हजार समोर दिसत असताना कलमाचा आधार किती तोकडा असतो, हेही मला ठाऊक होते. त्यांनी आपसांत बोलून नकार दिला. तिघींची नकाराला तयारी नव्हती, पण त्याही थांबल्या.

आदेशात मागील सहा महिन्यांचा फरक आणि तेवढीच भरपाई मिळाली. कायदा फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाईची मुभा देत असताना एवढ्यावरच थांबण्याचे कारण मला आजही पटलेले नाही. कंत्राटदाराने पैसे भरलेच नाहीत, तेव्हा कंत्राटदाराने थकवलेल्या वेतनाची जबाबदारी मूळ मालकावर टाकणाऱ्या, कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ चा आधार घेऊन रुग्णालयाला नोटीस दिली आणि कंत्राटदाराच्या तिथे अडकलेल्या शेवटच्या देयकातून वसुली झाली. नव्या कंत्राटदाराने अकरापैकी नऊ जणींना कामावर घेतले. उरलेल्या दोघींसाठी वेगळा अर्ज केला असून तो अद्याप प्रलंबित आहे.