आठ बोटांचा बार

आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात येणारी प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं धरूनच हात लावायचा, हे वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. काडतुसाची बंदूक मोडून, म्हणजे मधे वाकवून उघडून, बघितली की कळतं. ठासणीच्या बंदुकीला मागून बघायला जागाच नसते. दारू, बोळा, छर्रे सगळं तोंडाकडून ठासलेलं आणि मागची बाजू बंद. म्हणून मोजायचं. गज आत टेकेपर्यंत सोडायचा, तोंडापाशी नखाने खूण धरायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावायचा. निपल म्हणजे मागचं भोकाचं बोंड. त्यावर केप, म्हणजे घोडा आदळला की पेटणारी छोटी टोपी, बसते आणि तिची आग भोकातून दारूला लागते. गजाचं टोक निपलपर्यंत पोचलं तर बंदूक रिकामी. जेवढं कमी पडेल तेवढा माल आत.

गेल्या महिन्यात आलेल्या एका बंदुकीत गज साडेसहा इंच कमी पडला. मी तीनदा मोजलं. आमच्याकडे बार, म्हणजे एकदा उडवायला भरलेला माल, बोटांनी मोजतात. एक बार म्हणजे चार बोटं, साधारण तीन इंच. हा आठ बोटांच्याही वर भरत होता.

बंदूक घेऊन बापलेक आले होते. संगमेश्वर तालुक्यातलं गाव, यापेक्षा जास्त ओळख देत नाही. वडील बहात्तर वर्षांचे, मुलगा पस्तिशीचा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी ओलांडली किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, की तो हयात असतानाच ती वारसाच्या नावावर करता येते. ते काम नुकतंच झालं होतं आणि मुलाला बंदूक चालती करून हवी होती. डुकरं भाताचं पार वाटोळं करतात, पण त्यांना मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, हे त्याला माहीत होतं. अर्ज केला होता. पणजोबांनी घेतलेली, आजोबांनी वापरलेली बंदूक. आजोबांच्या तरुणपणी गावाचा शिकारीचा हाकारा निघायचा, पहिला बार त्यांचा असायचा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली, आणि बंदूक राखणीपुरती उरली.

बंदूक देखणी होती. मागच्या बाजूला अष्टकोनी, पुढे गोल होत गेलेली नळी, शिसवी दस्ता, घोड्यावर साधीशी वेलबुट्टी. चापाच्या कडीला सुतळीने एक दाभणासारखी सुई बांधलेली होती. मुलाने विचारलं, "ही कशाला?" म्हटलं, निपलचं भोक साफ करायला. आजोबांच्या गजावर दोन खाचा होत्या, चार बोटांच्या अंतराने. गज आत सोडल्यावर खालची खाच तोंडाशी आली तर बंदूक भरलेली, वरची आली तर रिकामी. असा गज बघितला की मला त्या माणसाला भेटावंसं वाटतं. आता दोन्ही खाचा तोंडाच्या बाहेर राहत होत्या.

बंदूक भरलेली आहे म्हटल्यावर मुलाचा विश्वास बसेना. ती 1994 पासून भिंतीवर होती. दर खंडेनवमीला तिला झेंडूचा हार. दर निवडणुकीला ती गोणपाटात गुंडाळून, एस.टी.ने, पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. नाव बदलतानाही तपासणी झाली होती. ती तपासणी म्हणजे नळीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवणं. तीस वर्षांत किती हातांतून ती गेली असेल, आणि एकानेही तिच्यात गज घातला नाही. याचा मला खरोखर संताप येतो. मोजायला अर्धा मिनिट लागतो. ठासणीची दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, हे ज्यांच्याकडे बंदुका जमा होतात त्यांना कुणीतरी शिकवायला हवं.

आमच्याच धंद्यातले काही जण असला बार बंदूक झाडाला बांधून, चापाला दोरी लावून उडवतात. मला ते पटत नाही. जुनी नळी आतून किती खाल्ली गेली आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि इथे तर एकावर एक दोन बार होते. मी बंदूक रात्रभर ठेवून घेतली, निपलच्या आट्यांत तेल सोडलं. सकाळी निपल सुटलं. भोकात पिवळट, कडक काहीतरी बसलं होतं. सुकलेलं तेल असेल म्हणून मी ते टोकरून कागदावर बाजूला ठेवलं. मग निपलच्या जागेतून पिचकारीने कोमट पाणी सोडलं. दारूत सगळ्यात जास्त असतो तो सोरा, आणि तो पाण्यात विरघळतो. सोरा गेला की उरतो नुसता कोळसा आणि गंधक, त्याचा बार होत नाही. दर तासाला पाणी बदललं. काळं यायचं थांबल्यावर तोंडाकडूनही पाणी भरून ठेवलं.

दुपारी बापलेक आले तेव्हा पितळी गजाला मळसूत्री आकडा लावून मी माल काढायला बसलो. लोखंडी गज या कामाला मी कधीच वापरत नाही, ठिणगीची भीती. वरून पहिल्यांदा खताच्या पिशवीची चिंधी आली. तिच्याखाली सायकलच्या बेअरिंगचे छर्रे, खिळ्याचे तुकडे, एक मोडका स्क्रू. मग वर्तमानपत्राचा ओला लगदा आणि दारूचा चिखल, एका बाराला लागते त्याच्या दीडपट तरी. हा झाला वरचा बार. त्याच्याखाली काथ्याचा बोळा लागला, इतका गच्च आणि इतका नीट वळलेला की आकडा चारदा सुटला. त्याखाली शिशाचे छर्रे, घरी ओतलेले, सगळे एका मापाचे, वर पांढरा थर चढलेला. पुन्हा काथ्या. मग दारू, मोजून घातलेली.

मी सगळं दोन ताटल्यांत मांडलं. आणि बोलून गेलो, "खालचा बार ज्याने भरला तो जाणता माणूस. वरचा ज्याने भरला त्याला बंदुकीतलं काही कळत नव्हतं. असल्या माणसाच्या हातात बंदूक द्यायलाच नको होती."

म्हातारे बराच वेळ ताटल्यांकडे बघत होते. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "वरचा माजा हाय."

त्यांचे वडील गणपतीनंतर चार दिवसांत गेले. कायद्याने बंदूक लगेच जमा करायला हवी होती. तेरावं झालं, भात पोटरीला आलेलं, आणि रात्री खाचरात डुकरं शिरली. "बाबांनी मला कधी हात लावू दिला नाय. लांबून बगितलेलं तेवडंच. घरात जे मिळालं ते घातलं न् गेलो. धा पावलांवर डुक्कर. केप फुटली, बार नाय झाला. दुसरी लावली. तिसरी लावली. नुसती फट फट." मग त्यांनी बंदूक परत भिंतीला लावली आणि पुढच्या आठवड्यात ठाण्यात जमा केली. परवाना नावावर नसताना बाहेर काढली होती, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. दोन वर्षांनी नावावर होऊन परत आली, पण त्यांनी तिला पुन्हा खांद्याला लावलं नाही. मुलगा म्हणाला, "आण्णा, मी लहानपणी घोडा ओढून खेळायचो." म्हातारे म्हणाले, "म्हायती हाय. म्हनून तर केपा जाळल्या मी."

त्यानंतर तिघांपैकी कुणी बोललं नाही. मी चहा मागवला.

माझं वाक्य खोटं नव्हतं. पण ते मी कुणासमोर बोलतोय हे मला दिसायला हवं होतं. म्हातारे ताटलीतल्या मोडक्या स्क्रूकडे ज्या नजरेने बघत होते, तेवढं पुरेसं होतं. बापाने शिकवलं नाही म्हणून मुलाला आलं नाही. मला माझ्या बापाने शिकवलं, म्हणून मी शहाणा. एवढाच काय तो फरक, आणि मी तो त्यांच्या मुलादेखत त्यांच्या अंगावर टाकला.

रात्री टेबल आवरताना कागदावरचा तो पिवळट तुकडा हाताला लागला. काडी पेटवून जवळ धरली तर मऊ झाला, मधासारखा वास आला. मेण होतं. आजोबांनी बार भरून, दमट हवेत दारू भिजू नये म्हणून निपलचं भोक मेणाने बुजवलं होतं. आणि भोक उघडायला ती सुई. केप लावण्याआधी सुई फिरवायची, हे म्हाताऱ्यांना माहीत नव्हतं. सुई फिरवली असती तर आग थेट खालच्या दारूला लागली असती आणि तिच्या वर दोन बारांचा गच्च माल. नळी फाटली असती ती निपलपाशी, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

नळी आतून तपासून बघितली आहे. तळाशी खड्डे आहेत, जरा खोल. बार सोसेल असं मी लिहून देणार नाही. मुलाला ते आवडणार नाही.

परवा म्हाताऱ्यांचा फोन आला. बंदुकीचं काही विचारलं नाही. "तो काथ्या टाकलात काय वो?" म्हटलं, नाही, ठेवलाय. "मंग ठेवा. मी येतो न्यायला." मेणाचं फोनवर सांगितलं नाही. ते काड्यापेटीत घालून काथ्याशेजारी ठेवलं आहे. रविवारी येतो म्हणाले आहेत.