चौदा मुद्द्यांची नोटीस आणि "मॅडम, उद्या शाळा आहे का?"

वर्ष संपायला दोन आठवडे उरले की माझं एक काम ठरलेलं असतं, वर्गाच्या दारावर आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेवटची नोटीस टाकायची. चांगले चौदा मुद्दे असतात त्यात. पुस्तकं परत करा, आयकार्ड जमा करा, लॉकर रिकामे करा, परीक्षेला इतक्या वाजता हजर राहा, फोटोला युनिफॉर्ममध्येच या, असं सगळं. आणि नोटीस टाकून दहा मिनिटं होत नाहीत तोवर ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "मॅडम, उद्या शाळा आहे का?" अहो पहिलाच मुद्दा तो आहे! आधी राग यायचा मला, आता नाही येत, कारण स्टाफरूममध्ये फिरणारी नोटीस मी तरी कुठे नीट वाचते, खाली सही ठोकते आणि मग शेजारच्या सरांना विचारते की कशाबद्दल होती हो ती.

या वर्षी मात्र टाइप करता करता जरा थांबले. मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं एक आठवलं. बेनेट मर्डॉक नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये लोकांना १० ते ४० शब्दांच्या याद्या ऐकवल्या आणि मग आठवतील तसे सांगायला लावले, तर सुरुवातीचे काही शब्द आठवतात, शेवटचे तर मस्तच आठवतात, आणि मधले गळून जातात. मग मी माझी नोटीस उघडून बघितली, मधे काय होतं? सातव्या नंबरला "नावाचं स्पेलिंग तपासा" आणि नवव्याला "शाळेचा ईमेल बंद होणार आहे". आणि वर पहिल्या तिनांत फोटोचा युनिफॉर्म! म्हणजे ज्या गोष्टी चुकल्या तर पुढे दोन-दोन वर्षं त्रास होतो त्या मी स्वतःच्या हाताने खड्ड्यात टाकल्या होत्या आणि पॉलिश केलेले बूट वर मिरवत होते.

तर हे नोटीसमध्ये मावत नाही म्हणून इथे लिहितेय. माझ्या वर्गाची मुलं वाचतील, दुसऱ्या कुठल्या शाळेची असतील तरी हरकत नाही, हे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच असतं. माझं म्हणणं एवढंच की नोटीसमधल्या कामांचे दोन ढीग करा. उशीर झाला तर फार तर ओरडा बसेल ती कामं एका ढिगात, आणि तारीख गेली की परत होतच नाहीत किंवा झाली तरी फार छळतात ती दुसऱ्यात. दुसरा ढीग छोटा आहे, आधी तो उरका.

नावापासून सुरू करते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा सर्टिफिकेटवर जे नाव छापलं जाणार त्याची यादी छापायच्या आधी वर्गात फिरवतात, बरोबर असेल तर सही करा म्हणून. सगळे सही करतात, बघत कोणी नाही. स्वतःचं नाव काय बघायचं, ते तर माहितीच आहे ना! माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आडनावात इंग्रजी स्पेलिंगमधलं एकच अक्षर इकडचं तिकडे झालं होतं, कॉलेजला कोणी विचारलं नाही, आणि पासपोर्ट काढायला गेली तेव्हा अडकलं. मग अर्ज, त्याला जोडलेली कागदपत्रं, आमच्या ऑफिसात खेटे, आणि बिचारी मला फोन करून म्हणते, मॅडम त्या यादीवर माझीच सही आहे हो. म्हणून यादी आली की घरून जन्मदाखल्याचा किंवा पासपोर्टचा फोटो फोनमध्ये घेऊन या आणि अक्षर न् अक्षर जुळवा, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. जन्मतारीखसुद्धा. वडिलांचं नाव, आईचं नाव, त्यांची स्पेलिंगंही. पेन्सिलने खुणा करायच्या टप्प्यावर हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता ईमेल, यावर जरा जास्त बोलणार आहे कारण याचं कोणाला काही वाटतच नाही. शाळेने दिलेला ईमेल तुमचा नसतो, शाळेचा असतो. तुम्ही गेलात की तो कधी ना कधी बंद होतो, कुठे लगेच, कुठे काही महिन्यांनी, तारीख ऑफिसात नाहीतर कॉम्प्युटरच्या सरांना विचारायची. आणि त्यात काय काय असतं हे तो बंद झाल्यावरच आठवतं. तीन-चार वर्षांचे प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, गॅदरिंगच्या नाटकाची स्क्रिप्ट, ट्रिपचे फोटो. तुमच्या शाळेचं खातं गूगलचं असेल तर खात्यातलं सगळं उतरवून घ्यायची गूगल टेकआउट म्हणून सोय आहे, आणि शाळेने चालू ठेवली असेल तर शाळेच्या खात्यातले मेल आणि ड्राइव्हमधल्या फाइली थेट तुमच्या स्वतःच्या जीमेलवर पाठवायचीही सोय आहे. फक्त ते बटण दाबलं की झालं असं नसतं, बऱ्याचदा काही तासांत होतं पण कधी कधी आठवडाभरही लागू शकतो, त्यामुळे शेवटच्या रात्री अकरा वाजता सुरू करू नका, आणि झाल्यावर नव्या खात्यात जाऊन चार फाइली उघडून बघा.

दोन गोष्टी त्यात सुटतात. मित्राने बनवलेली आणि तुमच्याशी नुसती शेअर केलेली फाइल ही त्याच्या नावावर असते, त्याचं खातं गेलं की तीही गेली, म्हणून आपल्याकडे वेगळी कॉपी करून ठेवायची. आणि गूगल क्लासरूमवर सबमिट केलेल्या डॉक्युमेंटचं असं आहे की सबमिट केल्यावर त्याची मालकी शिक्षकांकडे जाते आणि शिक्षकांनी रिटर्न केलं की परत तुमच्याकडे येते. म्हणजे मी आळस केला आणि रिटर्न केलं नाही (करते मी आळस, नाही कशाला म्हणू) तर ती फाइल माझ्याच नावावर पडून राहते. तर सुट्टी लागायच्या आधी एकदा बघा काय काय परत आलेलं नाही आणि मला सांगा, लाजू नका, त्या यादीत माझीच चूक जास्त निघेल.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे शाळेच्या ईमेलने ज्या ज्या साइटवर लॉगिन केलंय ती खाती. माझ्या वर्गातला एक मुलगा सुंदर चित्रं काढायचा, सगळी एका साइटवर टाकलेली, लॉगिन शाळेच्या ईमेलने. फोन बदलला, साइटने पासवर्ड मागितला, हा विसरलेला, पासवर्ड बदलायची लिंक गेली बंद झालेल्या ईमेलवर. चित्रं अजून दिसतात तिथे, कोणालाही दिसतात, त्याला फक्त आत जाता येत नाही. म्हणून आज संध्याकाळी बसून आठवा कुठे कुठे शाळेचा ईमेल दिलाय, स्पर्धा, कोडिंगच्या साइट, गेम, ऑनलाइन कोर्स, आणि तिथे आपला ईमेल टाकून घ्या. कोर्सची सर्टिफिकेटं डाउनलोडच करून ठेवा.

पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांसाठी एक. शिफारसपत्र लागणार असेल तर सुट्टीच्या आधी शिक्षकांना समक्ष विचारा, आणि सोबत एका कागदावर चार ओळी द्या की कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय, वर्षभरात तुम्ही काय काय केलं. तुम्हाला वाटतं मॅडमना सगळं आठवतं, पण शंभरेक मुलांत कोणी विज्ञान प्रदर्शनात काय मांडलं होतं हे चार महिन्यांनी खरंच नाही आठवत. आणि सुट्टीत "मॅडम उद्यापर्यंत मिळेल का" असा मेसेज आला की जे पत्र लिहिलं जातं ते तसंच असतं, उद्यापर्यंतचं.

मार्कांचं पण दुसऱ्या ढिगातच धरा. पेपर दाखवतात तेव्हा बेरीज करून बघा. मी स्वतः चुकवलीय बेरीज, एकदा आतलं अख्खं पान तपासायचंच राहिलं होतं. "मॅडम मार्क वाढवा" म्हणून येऊ नका, त्याने काही होत नाही, "मॅडम प्रश्न चारचे मार्क बेरजेत धरलेले नाहीत" म्हणून या. रिझल्ट एकदा वर गेला की मग फेरतपासणीचा फॉर्म आणि त्याची मुदत, आणि ती मुदत छोटी असते.

आता पहिला ढीग, पटकन. लायब्ररीचं पुस्तक दप्तरात नसेल तर पलंगाखाली असतं, नाहीतर मित्राकडे. दंडाचं मला काही वाटत नाही, पण पुढच्या वर्षी तेच पुस्तक मागायला येणाऱ्याला मी काय सांगू? लॉकर शेवटच्या दिवशी नको, दोन दिवस आधी, कारण शेवटच्या दिवशी तुम्ही रडत असता नाहीतर फोटो काढत असता आणि खेळाचे मोजे आत राहतात. सुट्टीनंतर तो लॉकर उघडणाऱ्या मावशींची माफी मागायला मीच जाते. हरवले-सापडलेच्या पेटीत या घडीला पाण्याच्या सात बाटल्या, तीन कंपासपेट्या आणि डाव्या पायाचा एक बूट आहे. एक बूट घालून घरी कोण गेलं?

परीक्षेबद्दल शाळेने सगळं सांगितलंय, मी एकच सांगते, झोपा. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या अकादमीने २०१६ मध्ये १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी २४ तासांत ८ ते १० तास झोप सांगितलीय. मी हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात, आणि पेपरला दुसऱ्या तासाला मान टाकतात.

सुट्टीच्या अभ्यासावरून पालकांशी माझं दरवर्षी वाजतं. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सुट्टीवरचे ३९ अभ्यास तपासून बघितले, तर लांब सुट्टीनंतर मुलं सरासरी साधारण एका महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जातात असं निघालं, आणि वाचनापेक्षा गणित जास्त विसरतं. म्हणून मी वह्या भरून काही देत नाही, रोज चार गणितं द्या म्हणते, आणि वाचायला मुलाला जे आवडेल ते. कॉमिक? चालेल. यावर एक-दोन पालक तरी नाराज होतातच, होऊ दे.

हो, आणि रिझल्टचा फोटो स्टेटसला टाकताय ना, टाका, आनंद आहे, पण त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, सीट नंबर, कधी कधी क्यूआर कोड असं सगळं एका जागी असतं. मार्कांचा रकाना ठेवा आणि बाकीचं कापा. आयकार्डाचे फोटोही तसेच, "शेवटचा दिवस" लिहून टाकतात सगळे.

नोटीस मी बदललीय. नाव, ईमेल आणि मार्क वर घेतलेत, बाकी सगळं खाली एका ओळीत कोंबलंय, युनिफॉर्म मधे कुठेतरी. टाकल्यावर सहा मिनिटांत मेसेज आला, "मॅडम, फोटोला युनिफॉर्म आहे का?" युनिफॉर्म आहे. आणि सुट्टीत ऑफिस रोज उघडं नसतं, दाखला घ्यायला यायच्या आधी फोन करून या.