रिटेलमधल्या ट्रेनीची मुलाखत झाली, गाडी अडली नावावर

एका मोठ्या रिटेल कंपनीत ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून माझी निवड झाली. तेव्हापासून कॉलेजच्या ज्युनिअर मुली सारख्या विचारतात, ताई, मुलाखतीत काय विचारतात? तर ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट आणि ग्रुप डिस्कशन यांचं फार टेन्शन घेऊ नका. मुलाखत एरिया मॅनेजर घेतात आणि प्रश्न दुकानातलेच असतात. चिलरमध्ये दुधाच्या पिशव्या कशा लावाल? आधीची तारीख पुढे, नवा माल मागे. छापील किमतीपेक्षा जास्त बिल झाल्याची तक्रार आली तर? फरक लगेच परत करायचा आणि त्या मालाची सिस्टिममधली किंमत तपासायची, कारण एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा कायद्यानेच गुन्हा आहे. स्पर्धक कंपन्यांवर विचारलं तेव्हा मी डी-मार्टचं सांगितलं: 2002 मध्ये पवईत सुरुवात, बहुतेक दुकानांच्या जागा स्वतःच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी. सरांना ते आवडलं.

निवड झाल्याचा फोन आला, घरी पेढे आले. ऑफर लेटर मात्र बॅकग्राउंड व्हेरिफिकेशननंतर, म्हणजे कागदपत्रांच्या पडताळणीनंतर मिळणार होतं आणि तिथेच सगळं अडलं.

आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर नाव कसं असतं? आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधार आणि पॅनवर आपलं नाव आधी, आडनाव शेवटी. महाराष्ट्रात शिकलेल्या लाखो मुलांची कागदपत्रं अशीच आहेत. व्हेरिफिकेशनचं काम दुसऱ्या एजन्सीकडे होतं. त्यांच्या पोर्टलने मार्कशीट वाचून माझं पहिलं नाव ‘जगताप’ आणि आडनाव ‘संजय’ ठरवलं. संजय माझे वडील! समोर लाल अक्षरांत ‘नाव जुळत नाही’, आणि ते दुरुस्त करायला बटणच नाही. मेल पाठवला की ठरावीक उत्तर यायचं, कागदपत्रं पुन्हा अपलोड करा. पुन्हा अपलोड केली की पुन्हा तेच लाल अक्षर. फोन लागला तेव्हा पलीकडची व्यक्ती म्हणाली, राजपत्रात नावबदल करून घ्या. अहो, माझं नाव बदललेलंच नाही, तर राजपत्र कशाचं? बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, आलं का गं लेटर? आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

मला अजून संताप येतो तो याचा, की ज्या कंपनीची दुकानं महाराष्ट्रात गावोगावी आहेत, तिच्या फॉर्मला इथल्या माणसाचं नाव वाचता येत नाही. पुढे तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असे चार भाग येणार आहेत. ती मुलं नोकरीला लागतील तेव्हा पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीनच रकान्यांत काय भरतील?

सुटलं ते असं. मी एजन्सीचा नाद सोडला आणि मुलाखतीला बसलेल्या एचआर मॅडमनाच मेल केला. मार्कशीट, आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला एकाच पीडीएफमध्ये लावले आणि पहिल्या पानावर दोनच ओळी लिहिल्या: मार्कशीटवर आडनाव आधी छापण्याची बोर्डाची पद्धत आहे, दोन्ही नावं माझीच आहेत. सोबत नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. त्यासाठी आता पाचशेचा मुद्रांक लागतो, शंभराचा ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाला. मॅडमनी स्वतः एजन्सीला कळवलं आणि लाल अक्षर गेलं. लेटर हातात आलं तेव्हा आईने ते देवापुढे ठेवलं.

तेव्हा मुलाखत संपताना एचआरचा मेल आयडी नक्की मागून घ्या, संकोच करू नका. आणि हो, दहावी-बारावीची मार्कशीट डिजीलॉकरवरून काढून ठेवा, मूळ प्रत गावाकडे असली तरी अडत नाही.

एक सांगायचं राहिलं. मुलाखतीआधी त्या कंपनीच्या दुकानात दोनदा जा, एकदा पगार झाल्यावरच्या रविवारी आणि एकदा महिनाअखेरीला दुपारी. बिलाची रांग, रिकामे शेल्फ, ट्रॉलीत काय आहे ते बघा. ‘आमच्या दुकानात काय सुधाराल?’ हा प्रश्न आमच्या बॅचमध्ये बहुतेकांना आला होता. मी भाजीच्या वजनकाट्यापुढच्या रांगेचं सांगितलं होतं, आणि सरांनी ते लिहून घेतलं होतं.